आठ घरांच्या ओळीतलं पिवळं घर

आमच्या घराचे खांब काळे होते. भिंती पांढऱ्या, आणि त्या भिंतींत उभ्याआडव्या बसवलेल्या लाकडी पट्ट्या, खिडक्यांच्या चौकटी, व्हरांड्याचे खांब, कठडा, सगळं डांबरासारखं काळंकुळकुळीत. अशी आठ घरं एका ओळीत होती, अगदी एकसारखी, आणि आमचं डावीकडून तिसरं. बेटाच्या उत्तरेला, लहान विमानांच्या जुन्या विमानतळाशेजारी ती वसाहत होती. इंग्रजांनी त्यांच्या हवाई दलातल्या कुटुंबांसाठी ती बांधली आणि रस्त्यांना लंडनमधली नावं दिली. इंग्रज गेले, नावं राहिली. शाळेत मी पत्ता सांगितला की मुली म्हणायच्या, "सिंगापूरमध्ये आहे हा रस्ता? आर यू शुअर?" त्या घरांना सगळे कॉटेज म्हणत. आई मात्र फोनवर डोंबिवलीच्या मावशीला 'बैठं घर' म्हणूनच सांगायची, कारण कॉटेज म्हटलं की मावशीला माथेरानचं हॉटेल वाटायचं.

बाबा रॅफल्स प्लेसला एका बँकेत अकाउंटंट होते. त्यांच्या ओळखीची सगळी मराठी कुटुंबं टॅम्पिनीसला किंवा चोआ चू कांगला फ्लॅटमध्ये राहायची, MRT च्या, म्हणजे मेट्रोच्या, स्टेशनपासून चालत जाता येईल अशा अंतरावर. आम्हीच एकटे तिकडे रानात. तेवढ्याच भाड्यात अंगण मिळतं, आईला तुळस लावायला माती मिळते, मग काय हवं, एवढं बाबांचं सरळ गणित होतं. पावसात ते बुटांवर प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवून बसस्टॉपपर्यंत जायचे आणि तिथे पिशव्या घडी घालून बॅगेत ठेवायचे. मी त्याच बसला असले तर दोन पावलं मागे उभी राहायचे.

त्या घरात आवाज फार होते. सकाळी शिकाऊ वैमानिकांची छोटी विमानं एखाद्या बिघडलेल्या मिक्सरसारखी घरघरत डोक्यावरून जायची. दुपारी छपराच्या कौलांवर मैनांची भांडणं. संध्याकाळी बेडूक सुरू झाले की टीव्हीचा आवाज वाढवावा लागे. भिंतीवर पाली, गटारात घोरपड, आणि लाल कोब्याची जमीन इतकी गार की एप्रिलमध्ये आम्ही दुपारी तिच्यावरच चटई न टाकता पडायचो. एसी नव्हता. माझी एक मैत्रीण एकदाच आली. व्हरांड्यात उभी राहून तिने वरपासून खालपर्यंत घर पाहिलं आणि म्हणाली, "युवर हाउस लाइक घोस्ट स्टोरी, लाह." त्यानंतर मी कुणाला बोलावलं नाही. पटवर्धनकाका, बाबांचे टॅम्पिनीसचे मित्र, दर वेळी आले की फाटकातूनच ओरडायचे, "काय रे, या भूतबंगल्याचं अर्धं भाडं भुताकडून घेतोस की काय?" बाबा हसायचे. मला हसू यायचं नाही. आज मी चोआ चू कांगला बाराव्या मजल्यावर राहते, खिडकीतून समोर दुसऱ्या ब्लॉकच्या खिडक्या दिसतात, आणि तेव्हा मला असंच घर हवं होतं हे मी प्रामाणिकपणे सांगते.

आमच्या उजव्या हाताला, चौथ्या घरात, अंकल टेरेन्स एकटे राहत. सत्तरीचे होते. युरेशियन, म्हणजे त्यांच्या घराण्यात मागे कधीतरी पोर्तुगीज, कधीतरी मलाय, कधीतरी डच मिसळलेले. आयुष्यभर शाळेत संगीत शिकवलेलं. बायको त्याच घरात वारली होती, आणि तिने लावलेला पांढरा चाफा कुंपणाच्या इकडे आमच्या अंगणात फुलं टाकायचा. आई ती फुलं देवाला वाहायची. अंकल ख्रिसमसला रव्याचा केक करत. पहिल्या वर्षी तो खाऊन आई थक्क झाली. "अगं, हा तर आपला रवा! भाजलाय पण छान." तिने बदल्यात रव्याचे लाडू पाठवले, आणि तेव्हापासून रव्याची ही देवघेव चालू राहिली. केकमध्ये ब्रँडी असते हे आईला बऱ्याच उशिरा कळलं. क्षणभर तिने देवघराकडे पाहिलं आणि म्हणाली, "आता काय, पचली."

घरांबद्दल अंकलना बोलायला फार आवडे. ते म्हणत, हे काही इंग्रजांचं गाव नव्हे, घरापासून लांब राहणाऱ्या इंग्रजांनी आठवणीतून काढलेलं त्यांच्या गावाचं चित्र आहे. काळ्या पट्ट्या आणि पांढऱ्या भिंती त्यांच्या तिकडच्या, उंच जोती आणि रुंद छपरं मलाय लोकांकडून उचललेली, आणि बांधणारे हात चिनी आणि तमिळ. "एक घर घेतलं तर काही नाही, ओल्ड हाउस ओन्ली," ते बाबांना सांगत. "आठ एका ओळीत उभी राहिली की व्हिलेज." बाबा मान डोलवत. मी आत जाऊन बसायचे. जुन्या लाकडावर एवढं काय बोलायचं, असं मला वाटायचं.

मी सेकंडरीच्या तिसऱ्या वर्षाला, म्हणजे आपल्या नववीला, असताना बातमी आली की वसाहतीची जमीन सरकारला लागणार आहे. विमानांचे कारखाने येणार, रुंद रस्ते होणार. मात्र काही जुन्या घरांच्या ओळी ठेवायचा विचार होता, आणि कोणत्या ठेवायच्या हे बघायला लोक येणार होते. आमच्यासाठी हा काही जीवनमरणाचा प्रश्न नव्हता. भाडेकरार संपला की टॅम्पिनीसला जायचं, आईसुद्धा मनातून तयार होती. अंकलचं तसं नव्हतं. ओळ राहिली तर तिथले जुने भाडेकरू राहू शकतील अशी त्यांची समजूत होती, आणि त्यांना दुसरीकडे कुठे जायचंच नव्हतं. त्यांनी गल्लीतल्या प्रत्येक घरी जाऊन सांगितलं. आमच्याकडे ते संध्याकाळी आले, व्हरांड्यात वेताच्या खुर्चीत बसले, आणि बाबांना म्हणाले, "दे कमिंग टू सी द रो. सगळी ओळ, टुगेदर. तुम्ही फक्त फ्रंट थोडं नाइस-नाइस करा. कॅन?"

"कॅन, कॅन," बाबा म्हणाले. "डोंट वरी, अंकल. लीव्ह इट टू अस."

दुसऱ्या दिवशी अंकल बहिणीकडे मलाक्काला गेले. आणि दिवाळी तोंडावर आली होती.

आता जे झालं ते कुणाच्या वाईट मनातून झालं नाही, हे मी इतक्या वेळा स्वतःला सांगितलं आहे की त्याचा काही उपयोग होत नाही हेही मला कळून चुकलं आहे. बाबांनी रात्री जेवताना विषय काढला. पाहुणे येणार, गल्लीच्या अब्रूचा प्रश्न, म्हाताऱ्या माणसाने एवढा विश्वास टाकलाय. आई म्हणाली, "दिवाळीच्या आधी घराला रंग नाही असं माझ्या माहेरी कधी झालं नाही. इथे आल्यापासून आपण नुसती जळमटं काढतो." मग थोडं थांबून, "आणि ते काळं. सणाचं दारात काळं. रोज डोळ्यांवर येतं माझ्या." मी लगेच म्हटलं, "पिवळं करू या." मला ती मैत्रीण आठवली होती. बाबा काटेकोर माणूस; त्यांनी दुसऱ्या दिवशी घरमालकाच्या एजंटला रीतसर फोन केला. एजंट म्हणाला, रंग तुमच्या खर्चाने देताय तर द्या. परवानगी मिळाली. ज्याला विचारायला हवं होतं तो माणूस मलाक्काला होता, आणि त्याला विचारायचं काही आहे हे आमच्या डोक्यातच आलं नाही. त्याने नीटनेटकं करायला सांगितलं होतं, आम्ही त्याहून जास्त करत होतो.

शनिवारी पटवर्धनकाका आणि मराठी मंडळातले आणखी दोघंजण आले. दुकानातल्या कार्डावर तो रंग ताज्या लोण्यासारखा दिसला होता; खांबावर चढला तेव्हा झेंडूसारखा निघाला. सगळ्यांना आवडला. काका शिडीवर चढून म्हणाले, "वहिनी, आता कुठे घर माणसांचं वाटतंय. भुतं पळाली बघा, सामान घेऊन!" आईने पोहे केले, मग दुपारी खिचडी. मी खालच्या पट्ट्या रंगवल्या आणि मला आठवतं, मी गुणगुणत होते. गल्लीच्या टोकाच्या घरातल्या मिसेस को कुत्र्याला फिरवत आल्या, फाटकापाशी थबकल्या, बराच वेळ नुसत्या बघत राहिल्या. "वाह. व्हेरी ब्राइट, होर," त्या म्हणाल्या. बाबा शिडीवरून हात हलवून म्हणाले, "थँक यू! थँक यू!"

रविवारी संध्याकाळी डब्यात रंग उरला. इथे मी थांबते, कारण पुढचं वाक्य लिहिताना मला आजही मानेपर्यंत ऊन चढल्यासारखं होतं. आमच्या घरात उरलेलं कधी टाकलं जात नसे. उरलेल्या भाताचा फोडणीचा भात, उरलेल्या पोळ्यांचा कुस्करा, उरलेल्या कापडाची पिशवी. आईने डब्यात वाकून पाहिलं आणि म्हणाली, "एवढा रंग वाया कशाला घालवायचा? अंकलचा व्हरांडा होईल यात. बिचारे एकटे, कोण करणार त्यांचं? आले की खूश होतील." बाबांना ते फारच पटलं. शेजारधर्म होता, आणि काही वायाही जात नव्हतं. आम्ही कुंपणातली फट ओलांडून गेलो आणि अंकल टेरेन्सच्या व्हरांड्याचे चारही खांब पिवळे केले. चाफ्याच्या पानांवर थेंब उडाले ते आईने पदराने पुसले.

सोमवारी मी शाळेतून आले तेव्हा अंकल आपल्या फाटकात उभे होते. हातात मलाक्काहून आणलेली बॅग तशीच. ते खांबांकडे बघत होते. मग आमच्या घराकडे. मग गल्लीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत त्यांची नजर गेली, आणि त्या नजरेबरोबर माझीही गेली. काळं-पांढरं, काळं-पांढरं, पिवळं, अर्धं पिवळं, काळं-पांढरं. त्या क्षणापर्यंत मी ती ओळ ओळ म्हणून कधी पाहिलीच नव्हती. आठ घरं मला आठ वेगवेगळी, सारखीच कळकट घरं वाटायची. आमच्या दोन घरांपाशी ती तुटली तेव्हा मला ती पहिल्यांदा अखंड दिसली.

बाबा त्या दिवशी मुद्दाम लवकर आले होते. ते हसत बाहेर आले. "सरप्राइज, अंकल!"

अंकलनी बॅग एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाले, "यू ऑल वर्क्ड व्हेरी हार्ड." आणि बॅग घेऊन आत गेले. त्यांनी दार लावलं नाही, आपटलं नाही, काही नाही.

बाबांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यामागचा माणूस निघून गेला. आईने दारातून विचारलं, "काय म्हणाले? आवडलं?" बाबा म्हणाले, "चुकलं काहीतरी." रात्री ते अंकलकडे जाऊन आले. मग आम्हाला जे कळलं ते असं: पाहायला येणारे लोक घर बघायला येणार नव्हते, न बदललेली ओळ बघायला येणार होते. अंकलनी त्यांना हेच सांगितलं होतं, आठच्या आठ जशीच्या तशी. त्यांच्याकडे मांडायला तेवढीच एक गोष्ट होती.

पुढचे दिवस बाबा ऑफिसातून आल्यावर टर्पेंटाइन आणि लोखंडी पट्टी घेऊन खांब खरवडायचे. पण त्या काळ्यात खरंच डांबर होतं. ते आमच्या पिवळ्यातून वर यायला लागलं. जागोजागी तपकिरी चट्टे पडले, हळदीच्या अंगावर डाग पडावेत तसे. खरवडलं की लाकूड निघे, वरून काळं लावावं तर बाजारातला काळा रंग आजूबाजूच्या जुन्या काळ्याशी जुळेना. तो चकचकीत, हा मऊ. पटवर्धनकाकांना बाबांनी फोन करून मदतीला बोलावलं नाही. काकांनीच फोन करून विचारलं तेव्हा बाबा एवढंच म्हणाले, "हो, छान दिसतंय." बाबांना खोटं बोलताना मी ऐकलं ते बहुधा तेव्हा पहिल्यांदा.

लोक आले ते दिवाळीच्या आठवड्यात. तिघंजण होते, दोघांकडे कॅमेरे. अंकल इस्त्रीचा शर्ट घालून त्यांना पहिल्या घरापासून चालवत आणत होते. बाबा रजा घेऊन आमच्या फाटकात उभे, हातात फराळाचं ताट, कारण आलेल्या माणसाला काही न देता कसं पाठवायचं हा प्रश्न आईने सोडला नव्हता. मी खिडकीच्या आत होते. आमच्यापाशी ते थांबले. त्यांच्यातल्या तरुण बाईने विचारलं, "हे नंतर बांधलेलं आहे का?"

"नाही," अंकल म्हणाले. "सेम एज. ऑल एट, सेम."

कॅमेरावाला माणूस मागे मागे जात गवतात उतरला, ओळीचा फोटो घ्यायला. इकडून बघितलं, तिकडून बघितलं. तिसरं आणि चौथं घर सोडून आठ घरांचा फोटो कुठून घेणार? त्याने कॅमेरा खाली केला. तेव्हा बाबा पुढे झाले, ताट धरूनच. "सर, धिस इज अवर मिस्टेक. ही हॅज नथिंग टू डू विथ..." अंकलनी त्यांच्या दंडावर हात ठेवला आणि पाहुण्यांना म्हणाले, "माझे नेबर्स. दीपावली त्यांची. नवीन रंग लावतात हे लोक. घ्या, घ्या, लाडू घ्या. सूजी आहे, व्हेरी गुड." तिघांनी एकेक लाडू घेतला. बाई म्हणाली, "हॅपी दीपावली, हां," आणि ती पाचव्या घराकडे वळली. बाबा ताट धरून तसेच उभे. अंकलनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं ते पुढे कितीतरी वर्षांनी एकदाच म्हणाले.

ठेवायच्या घरांत आमची ओळ नव्हती. मागच्या रस्त्यावरची ठेवली.

मी हिशोबाचं काम करते. कोणत्या कारणाचा किती वाटा, हे वेगळं काढून दाखवायची मला सवय आहे. पुढे मी नवे नकाशे पाहिले: आता तिथे जो रुंद रस्ता आहे तो बरोबर आमच्या गल्लीवरून जातो. म्हणजे आमचे खांब काळे असते तरी ती ओळ बहुधा गेलीच असती. बाबांना मी तो नकाशा दाखवला. त्यांनी चष्मा लावून बोट फिरवत नीट पाहिला, आणि परत दिला. "बहुधा," ते म्हणाले. "पण अंकलना आपलं म्हणणं मांडायची संधी तरी होती. ती आपण घालवली." मी नकाशाची घडी घातली. मागच्या रस्त्यावरच्या घरांत आता खाण्याची ठिकाणं आहेत. मुलीला घेऊन मी एकदा गेले. ती काळ्या पट्ट्यांना हात लावून म्हणाली, "सो प्रिटी. यू ऑल स्टेड लाइक धिस? व्हाय नेव्हर टेक फोटो, आई?" फोटो आहेत. दिवाळीचे आहेत, पिवळे. मी तिला दाखवलेले नाहीत.

घरं रिकामी करायची वेळ पुढच्या वर्षी आली, पुन्हा दिवाळीच्या तोंडावरच. गल्लीतली बाकीची माणसं आधीच गेली होती, गवत गुडघ्यापर्यंत वाढलं होतं. आमचं सामान टॅम्पिनीसला गेलं होतं; आम्ही फक्त तुळस आणि देवघर न्यायला आलो होतो. अंकल त्यांच्या व्हरांड्यात स्टुलावर उभे राहून खांब रंगवत होते. काळे. जुन्या पद्धतीचा तो डांबराचा रंग त्यांनी कुठूनतरी मिळवला होता, वास सगळ्या अंगणात पसरला होता. काही आठवड्यांत ते घर पाडणार होते, हे त्यांना आमच्याइतकंच ठाऊक होतं.

बाबा कुंपणापाशी गेले. "अंकल, लेट मी."

"नो नीड, नो नीड," अंकल न वळता म्हणाले. रागाने नव्हे. पण बाबा फटीतून पुढे जाऊ शकले नाहीत. ते तिथेच उभे राहिले, दोन्ही हात कुंपणावर ठेवून.

आई तुळशीची कुंडी उचलत होती. तिने ती खाली ठेवली. पदर खोचला, कुंपणाच्या फटीतून पलीकडे गेली, अंकलच्या स्टुलापाशी ठेवलेला दुसरा ब्रश उचलला, एका रिकाम्या डब्यात थोडा रंग ओतून घेतला, आणि परत आमच्या बाजूला आली. कुणाला काही विचारलं नाही. आमच्या व्हरांड्याचा पहिला खांब तिने वरून धरला आणि त्या डागाळलेल्या पिवळ्यावर काळं लावायला लागली. सणाच्या तोंडावर, माझी आई. रंग दाट होता, ओघळ खाली येत होते, तिच्या हातावर, बांगड्यांवर. बाबा आणि मी बघत राहिलो.

थोड्या वेळाने मागून आवाज आला. अंकल कुंपण ओलांडून आले होते. "नॉट सो थिक, लाह," ते म्हणाले. "असं. पातळ. वरून खाली, एकदाच." त्यांनी तिच्या हातातला ब्रश घेऊन एक पट्टा ओढून दाखवला आणि ब्रश परत दिला. आईने तसाच दुसरा ओढला. अंकलनी मान हलवली. मग त्यांनी बाबांकडे पाहिलं आणि स्टुलाकडे बोट केलं. बाबा धावत गेले स्टूल आणायला.

संध्याकाळपर्यंत ओळ पूर्ण झाली. कुणी फोटो काढला नाही.

त्या दिवाळीला टॅम्पिनीसच्या फ्लॅटसमोर, कॉरिडॉरमध्ये, आईने रांगोळी काढली. पटवर्धनकाका-काकू आले. काकूंचं लक्ष आईच्या हातांकडे गेलं. "अगंबाई, हे काय? नखं किती काळी झालीत तुमची, ऐन सणाची!"

आईने हात मागे घेतले नाहीत. रांगोळीची चिमूट सोडत ती म्हणाली, "शेजाऱ्यांचं काम राहिलं होतं."